सतरा दिवस तीन

वकिलाने बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून कपात पडलं, आणि दोन बोटांनी ते बाहेर काढता काढता तो मला म्हणाला, "बाई, तुमच्या भावाच्या वेदना हाच आता आपला हुकमाचा पत्ता आहे."

मग तीच ओली बोटं लावून त्याने दवाखान्याच्या कागदांची पानं उलटली. मी बस डेपोच्या तिकीट खिडकीवर बावीस वर्षं बसतेय. थुंकी लावून नोटा देणारी माणसं रोज बघते आणि त्याच हातांनी दुपारी डबा उघडते, तेव्हा माझं नाक काही नाजूक नाही. पण त्या कागदांवर माझ्या भावाचा ताप, लघवी, जखमेतला पू असं सगळं तारीखवार लिहिलेलं होतं, आणि हा माणूस त्यावर चहाचे ठसे उमटवत होता. मी बोटाने एक ठसा पुसायला गेले, तो आणखी पसरला.

भावाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. लिफ्टची दुरुस्ती हे त्याचं काम. घरात त्याला सगळे बारक्या म्हणत, दारातून वाकून आत यायची वेळ आली तरी बारक्याच. एका नऊमजली इमारतीत तो लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला होता. उतरण्याआधी त्याने मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि 'काम चालू आहे' ही पाटी लावली. त्या कुलपाची दुसरी किल्ली कंपनीच्या सुपरवायझरकडे होती. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी कपाट चढवायचं होतं, त्याची घाई. सुपरवायझरने कुलूप काढलं, स्विच चालू केला आणि लिफ्ट खाली आली. बारक्या कमरेपासून खाली चेचला गेला. त्यानंतर तो बेचाळीस दिवस जगला.

कंपनीने सांगितलं, त्याने कुलूप घातलंच नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर. सुपरवायझरने दुसऱ्या किल्लीबद्दल कानावर हात ठेवले. खड्ड्यात बारक्या एकटाच होता, त्यामुळे खरं काय ते सांगू शकणारं तोंड एकच होतं आणि ते पहिले तीन आठवडे औषधाच्या गुंगीत होतं. त्या गुंगीत तो मला आई म्हणायचा. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकदा त्याने मला विचारलं, "आई, ताई डेपोतून आली का गं?" मी 'आली' म्हणून सांगितलं.

हाच वकील तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मला गाठून म्हणाला होता, "जबानी झाली पाहिजे. नीट, शुद्धीत. ते जोराचं इंजेक्शन चालू असेल तर कंपनीचा वकील म्हणणार, माणूस नशेत बोलला. डॉक्टरही शुद्धीचा दाखला देणार नाहीत. कागदावर ते औषध दिसताच कामा नये. बघा तुम्ही काय ते."

काय ते मी बघितलं.

त्या वॉर्डात दर चार तासांनी नर्स यायची आणि विचारायची, "किती?" शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पेशंट आकडा सांगायचा, ती खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यात लिहायची. चारच्या वर आकडा गेला की जोराचं इंजेक्शन, चार किंवा खाली असला की साधी गोळी. नियमच तसा होता, त्यात नर्सला विचार करायचा नव्हता. गुंगी जरा उतरलेली बघून मी बारक्याला समजावलं, "चारच्या वर गेलास की सुई टोचणार, आणि तू परत मला आई म्हणायला लागणार. जबानी बोंबलली, मग तुझ्या बायकोच्या हातात काय?"

त्याने मनाशी हिशेब केला. मग म्हणाला, "चार म्हटलं तर काठावर येतं. तीन म्हणतो."

"तीन म्हण," मी म्हणाले.

लहानपणापासून मी सांगायचं आणि त्याने करायचं हे ठरलेलं होतं. झाडावरून उतर, उतरला. शाळा सोडू नकोस, नाही सोडली. ही मुलगी चांगली आहे, कर लग्न, केलं. ताई म्हणाली म्हणजे झालं. मला त्याचं फार कौतुक होतं, त्याचं आणि माझंही.

दोन दिवसांचा प्रश्न होता, असं मी त्याला सांगितलं होतं. जबानी घ्यायला सुनावणी अधिकारी स्वतः दवाखान्यात येणार होते. पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलाला ताप आला. दुसऱ्या तारखेला तो आला, पण म्हणे त्याच्याकडे कागद पूर्ण नव्हते. तिसऱ्या तारखेला त्याने दाखला देणाऱ्या डॉक्टरांवरच हरकत घेतली, दुसरे डॉक्टर हवेत म्हणाला. प्रत्येक वेळी पुढची तारीख चार-पाच दिवसांवर, आणि इंजेक्शन दिलं तर डोकं ताळ्यावर यायला तेवढेच दिवस लागणार, म्हणजे मधेही सोय नाही. असे सतरा दिवस झाले. त्या तक्त्यात सतरा दिवस, रोज सहा वेळा, एकच आकडा आहे. तीन, तीन, तीन.

तो कसा तीन म्हणायचा ते मी बघितलं आहे. नर्सच्या चपलांचा आवाज आला की तो दात आवळून तोंड नीट करायचा, दारात पाहुणे आल्यावर आपण घर आवरतो तसं. ती गेली आणि बायको जवळ नसली की उशीचा कोपरा तोंडात धरायचा. अभ्रे दिवसातून दोनदा घामाने भिजायचे, आणि ते मी स्वतः बदलायचे, नर्सला कळू नये म्हणून. कधी कधी तो म्हणायचा, "ताई, खिडकीवरची गंमत सांग." मग मी त्याला कोणी अर्धं तिकीट काढायला मिशीवाल्या मुलाला आठ वर्षांचा म्हणून उभं केलं, असलं काहीतरी सांगायचे. तो हसायचा प्रयत्न करायचा. हसल्यावर कमरेत कळ जायची, तरी म्हणायचा, पुढे सांग. माणूस की कसाई होते मी? पण तेव्हा मला वाटत होतं, आपण किती खंबीर आहोत.

अठराव्या दिवशी सकाळी जबानी झाली. बारक्याने सगळं सांगितलं, कुलपाचा नंबर, किल्ली कुठल्या खिशात, सुपरवायझरच्या जुडग्यातली लाल टोपणाची दुसरी किल्ली. कंपनीच्या वकिलाने तेच प्रश्न तीनदा फिरवून विचारले, तीनदा तेच उत्तर आलं. सगळे उठल्यावर मी जबानीची सहीची प्रत घ्यायला आमच्या वकिलामागे खाली धावले. परत आले तेव्हा डॉक्टरांनी त्याचा चेहरा बघून, आकडा न विचारताच इंजेक्शन द्यायला लावलं होतं. त्या वेळच्या चौकटीत नुसती रेघ आहे. तो झोपला तो पुन्हा नीट जागा झालाच नाही. चार दिवसांनी गेला.

माझ्या हातात तेव्हा सहीची प्रत होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली.

लाल टोपणाची किल्ली सापडली आणि कंपनीला चूक कबूल करावी लागली. मग आमचा वकील बिस्किटं खात मला कायदा शिकवायला लागला. "दावे दोन असतात, बाई. एक तुमच्या भावजयीचा. नवरा गेल्यामुळे तिचं जे गेलं त्याचा. तो त्यांच्या मरणातूनच जन्माला आला. त्यावर कंपनी तडजोडीला तयार आहे. दुसरा खुद्द त्यांचा. अपघात ते मृत्यू, या मधल्या दिवसांत त्यांनी जे भोगलं त्याचा. माणूस गेला म्हणून तो दावा जात नाही. वारसाकडे येतो."

मेलेल्याचं दुखणं वारसाहक्काने मिळतं, हे मला तेव्हा कळलं.

"पण या दुसऱ्या दाव्यात गोची आहे," तो म्हणाला आणि तक्त्याचं पान माझ्याकडे सरकवलं. "पहिले तीन आठवडे गुंगीत, शेवटचे चार दिवस गुंगीत. ते लोक म्हणणार, तेव्हा काही कळतच नव्हतं. राहिले मधले सतरा दिवस, आणि तिथे बघा. तीन! तीन म्हणजे दाढ ठणकावी तेवढं."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कागदावर औषध दिसता कामा नये?"

"मी म्हणालो पेशंट शुद्धीत हवा." त्याने ओठांवरचा चुरा पुसला. "आकडा मी सांगितला होता का?"

नव्हता. आकडा माझा होता. त्या माणसाने खोटं बोलावं अशी मी वाट बघत होते आणि आकड्याबद्दल तो खरं बोलला.

मग त्याने उपाय काढला. नर्सवर ढकलायचं. ती खुर्चीत बसून एकाच वेळी सगळ्या चौकटी भरायची, पेशंटला विचारायचीच नाही, असं मी सुनावणीत सांगायचं. "सतरा दिवस एकच आकडा, कोणालाही पटेल. भाऊ कण्हत होता, ओरडत होता, ते जरा रंगवून सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

"आणि नर्सचं काय?"

"होईल काहीतरी चौकशी. तिचा आपला काय संबंध?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होते. इथे तर ते लोणी कमी पडतंय म्हणून वाटीने वाढून घ्यायची तयारी होती, आणि वाढणारी मी. मी तिथेच उठून जायला हवं होतं. गेले नाही. कारण नर्सवर ढकललं तर मला काही सांगावं लागणार नव्हतं.

सांगायचं कोणाला, तर भावजयीला. वकील, अधिकारी, कंपनी यांना मी भीक घालत नाही. पण बारक्या गेल्यापासून भावजय एका गोष्टीवर उभी होती. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "त्यांना फार त्रास नव्हता. मी रोज तक्ता बघायचे, तीनच असायचं. एवढं तरी समाधान आहे." वकिलाने दुसऱ्या दाव्याच्या कागदावर तिची सही घेतली तेव्हाही ती म्हणाली, "पण त्यांना तसं दुखत नव्हतं ना हो?" वकील म्हणाला, ते तिथे बोलू नका. त्या तीनच्या आधाराने ती रात्री झोपत होती, सकाळी कामावर जात होती. ते मी काढून घेतलं तर तिच्याकडे उरणार काय?

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना खालून ओल आलेली, टेबलावरच्या हिरव्या कापडावर कपांची वर्तुळं. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून लिहिणारे. कंपनीचा वकील अत्तर लावून आला होता, इतकं की भिंतींच्या ओलीचा वासही येईना. मागच्या बाकावर त्या वॉर्डातली दिवसपाळीची नर्स बसली होती. साक्षीला बोलावलं होतं म्हणून ड्यूटीवरून तशीच आलेली, चपला काढून पाय एकमेकांवर घासत होती. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे ते पाय मी लगेच ओळखले. तिने मला बघून मान हलवली. तिला काहीच माहीत नव्हतं. भावजय माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन.

कंपनीच्या वकिलाने तक्ता वाचायला घेतला. बारक्याला तो 'दिवंगत इसम' म्हणत होता. "दिवंगत इसमाने एकशे दोन वेळा स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे की वेदना तीन. एकशे दोन वेळा, साहेब. माझ्या अशिलाबद्दल तक्रार सोडा, दिवंगत इसमाची स्वतःच्या शरीराबद्दलही तक्रार नव्हती. म्हणजे तसे ते दिवस सुखाचेच म्हणायचे."

सुखाचे. या माणसाने तीनदा तारीख पुढे ढकलली होती. एकदा ताप आला म्हणून. याच्या तापाची किंमत माझ्या भावाने उशी चावून दिली, आणि हा अत्तर लावून सुखाचे म्हणत होता.

आमच्या वकिलाने मला कोपराने ढोसलं. मी उभी राहिले. त्याने विचारलं, "ही नर्स तुमच्या भावाला दर वेळी आकडा विचारायची का?"

मी मागे बघितलं. नर्सने पाय चपलांत सरकवले आणि ताठ बसली.

"विचारायची," मी म्हणाले. "दर वेळी. तो तीन म्हणायचा म्हणून ती तीन लिहायची. तीन म्हणायला मी सांगितलं होतं."

वकिलाने माझी बाही ओढली. मी हात झटकला आणि सगळं सांगितलं. जबानीसाठी इंजेक्शन नको होतं, चारच्या वर गेलं की इंजेक्शन मिळतं, म्हणून तीन. उशी सांगितली, अभ्रे सांगितले. रंगवून काही सांगितलं नाही, रंगवायला जागाच नव्हती. बोलताना मी अधिकाऱ्यांच्या चष्म्याकडे बघत होते, कारण डावीकडे भावजय होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. कंपनीच्या वकिलाचा चेहरा उजळला. "साहेब, हे नोंदवून घ्या. औषध हाताशी होतं. ते घेतलं गेलं नाही, या बाईंनी घेऊ दिलं नाही. म्हणजे त्या सतरा दिवसांच्या वेदना माझ्या अशिलाने दिलेल्या नाहीत. त्या यांनी दिल्या."

"आणि तारखा कोणी मागितल्या?" मी ओरडले. "ताप कोणाला आला होता?"

"कायद्याने मिळालेल्या तारखा आहेत त्या," तो मृदू आवाजात म्हणाला.

मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. घृणा एवढ्याचीच नव्हती. घृणा याची होती की तो जे म्हणाला ते पहिल्यांदा मोठ्याने कोणीतरी म्हटलं होतं, आणि मला त्यात खोटं काही सापडेना. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "दोन्ही नोंदवतो. वेदना होत्या हेही, आणि तारखा कोणी मागितल्या हेही. त्या कोणाच्या पदरात घालायच्या, ते निकालात." मग त्यांनी नर्सला सांगितलं की तुमची साक्ष आता नको, जा तुम्ही ड्यूटीवर.

बाहेरच्या व्हरांड्यात आमचा वकील माझ्यावर करवादला. हातचा दावा घालवलात, आता दुसरा वकील बघा, म्हणाला आणि फायलींचा गठ्ठा काखेत मारून जिना उतरला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भावजय समोरच्या बाकावर बसली होती. ती रडेल, माझ्या अंगावर धावून येईल, काहीही करेल, मी तयार होते. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "नर्स आली की मी खोलीतून बाहेर जायचे, ताई."

"माहितीय. तुला बघवायचं नाही."

"बघवायचं की. माझ्यासमोर ते खरं सांगणार नाहीत, म्हणून जायचे. मला वाटायचं, तुमच्यापासून ते काही लपवत नाहीत. तुमच्यासमोर खरं सांगतील. म्हणून तर मी आत येऊन तीन बघितलं की माझा विश्वास बसायचा."



तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता, तिला फक्त उत्तर हवं होतं. "खरा आकडा किती होता, ताई?"

व्हरांड्यातून माणसं जात-येत होती. कोणीतरी कुठल्या तरी नंबराचा पुकारा करत होतं. सतरा दिवस, रोज सहा वेळा, मी त्याच्या उशाशी होते. तीन म्हण, असं मी त्याला सांगितलं होतं. घाम पुसला होता, गमती सांगितल्या होत्या, अजून दोनच दिवस, असं तर किती वेळा म्हणाले असेन.

"मी त्याला विचारलंच नव्हतं," मी म्हणाले.